वरच्या खोलीतली हार्ड डिस्क

"दिवा लागतोय, आत फिरतीय बी, पण मॅकला दिसंना," असं म्हणत शेडगे खुर्चीवरून उठले आणि त्यांनी मला जागा करून दिली. उठताना त्यांनी हात जोडल्यासारखे केले. नमस्कार मला होता की टेबलावरच्या हार्ड डिस्कला, ते कळलं नाही.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. साताऱ्यात मॅक दुरुस्त करणारी मी एकटीच, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगत असे, आणि कुणी खोटं पाडलं नाही म्हणून तेच खरं धरून चालले होते. गिऱ्हाइकं मोजकी. दोन फोटोग्राफर, एक आर्किटेक्ट आणि खांबेट्यांची प्रेस. प्रेस खालच्या मजल्यावर, ती तात्या खांबेटे चालवायचे. वरच्या खोलीत 'माहुली' या दिवाळी अंकाचं ऑफिस होतं. तो अंक तात्यांचे थोरले भाऊ अण्णा आणि त्यांच्या पत्नी सरोजताई यांनी अडतीस वर्षं मिळून काढला. अण्णा त्या श्रावणात गेले. एकोणचाळिसावा अंक सरोजताईंनी एकटीनं पुरा केला, आणि तो सगळाच्या सगळा त्या न दिसणाऱ्या डिस्कमध्ये होता.

"दुसरी कॉपी कुठे आहे?" मी विचारलं.

शेडग्यांनी सरोजताईंकडे पाहिलं. शेडगे अंकाची पानं लावायचे, वीस वर्षं तेच काम. सरोजताई खिडकीजवळच्या खुर्चीत हातात तांबडं पेन घेऊन बसल्या होत्या.

"दुसरी नाही," त्या म्हणाल्या. "अंकाची प्रत एकच, हा अण्णांचा नियम."

नियमाचं कारण शेडग्यांनी हळू आवाजात सांगितलं. फार पूर्वी प्रुफांचे दोन गठ्ठे झाले होते, त्यातला जुना मशिनवर गेला आणि एका कवीच्या कवितेखाली भलत्याच कवीचं शेवटचं कडवं छापून आलं. तो कवी मरेपर्यंत अण्णांशी बोलला नाही. तेव्हापासून एकच प्रत. मॅक जुना, त्याच्या पोटात जागा नव्हती, म्हणून ती एक प्रत राहायची डिस्कमध्ये. मला राग आला. गेलेल्या माणसाचा राग करायचा नसतो म्हणून मी तो वायरीवर काढला आणि ती हिसकूनच बाहेर ओढली.

जिन्यावर पावलं वाजली. तात्या दारात येऊन उभे राहिले. मोठे, भरदार गृहस्थ, शर्टाच्या खिशात कायम एक छोटं भिंग. छापून आलेल्या कागदावरचे रंगाचे ठिपके नीट पडलेत का ते त्यातून बघायचं. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं. चारपर्यंत पानं खाली आली तर ते प्लेटा करतील. चारनंतर मशिन कॅलेंडरच्या कामाला लागणार, आणि एकदा लागलं की दिवाळी होईपर्यंत सुटणार नाही.

"मी आधीच म्हणत होतो, वहिनी," ते खाली बघत म्हणाले. "अण्णाच्या वर्षाच्या आत हा व्याप नको होता. या खेपेला राहू द्या अंक."

"राहिला की राहिलाच, तात्या," सरोजताई म्हणाल्या. "एक वर्ष विश्रांती, असं छापणारे किती अंक मी पाहिले. परत एकही दिसला नाही."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

माझा एक स्वभाव इथे सांगून ठेवते, कारण पुढे तोच आडवा आला. बंद पडलेली वस्तू चालू झाली की लोकांचं समाधान होतं. माझं होत नाही. ती का बंद पडली ते कळलं नाही तर मला जेवण जात नाही. आई म्हणायची, तू बारशाला गेलीस तरी पाळणा का कुरकुरतो ते बघत बसशील. खरंच बघितलं होतं एकदा. बिजागरीत तेल नव्हतं.

तर मी सुरुवात केली. आधी सोप्या गोष्टी. मॅकमध्ये बाहेरची डिस्क पडद्यावर दाखवायची की नाही याची एक खूण असते. ती कधीकधी चुकून निघते आणि माणूस दिवसभर डोकं धरून बसतो. खूण जागेवर होती. मग वायर मॅकच्या दुसऱ्या भोकात घातली. मग तिसऱ्या. मग माझी स्वतःची नवी वायर लावली. दर वेळी डिस्कचा निळा दिवा लागायचा, पडद्यावर मात्र काहीही यायचं नाही. डिस्क युटिलिटी, म्हणजे डिस्क तपासायचा मॅकमधला प्रोग्रॅम, उघडली. डिस्क बिघडलेली असली तरी तिथे निदान फिक्या अक्षरांत तिचं नाव दिसतं आणि मग दुरुस्तीला हात घालता येतो. तिथे नावच नव्हतं. मॅकला काय काय जोडलंय त्याची यादी काढली. कीबोर्ड होता, माऊस होता, डिस्क नव्हती. मॅक बंद करून चालू केला. शेवटी माझ्या पिशवीतला लॅपटॉप काढून त्याला लावून पाहिली. त्यालाही ती दिसेना.

"म्हंजे मॅक चांगलाय," शेडगे म्हणाले.

"मॅक चांगला आहे."

"म्हंजे डिस्क गेली."

मी डिस्क उचलून कानाला लावली. मरायला टेकलेली डिस्क टक टक करते. ही एकसारखी गुणगुणत होती, झोपलेल्या मांजरासारखी. आतलं सगळं नीट चाललं होतं. मला एकदम हुरूप आला. ही मेलेली नाही, हिचं फक्त तोंड बंद झालंय, आणि ते कशानं ते मला आता पाहिजेच होतं.

मी चौकशीला बसले. शेडग्यांनी अष्टमीला संध्याकाळी शेवटचं पान दुरुस्त केलं होतं, डिस्क नियमाप्रमाणे इजेक्ट करून बाहेर काढली होती, पिवळ्या फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. किल्ली सरोजताईंकडे दिली. मग खंडेनवमी आणि दसरा, दोन दिवस सुट्टी. आज सकाळी येऊन लावली तर हे असं.

"नवमीला इथे पूजा झाली का?" मी विचारलं. वर येताना छपाईच्या मशिनला मी झेंडूची माळ पाहिली होती, मशिनच्या पत्र्यावर कुंकवाची बोटं होती.

"खाली झाली," तात्या म्हणाले. "घरात अण्णाचं वर्ष, म्हणून आम्ही कुणी हात लावला नाही. मशिनमनकडून नारळ फोडून घेतला. वर काही नाही."

वर खरंच काही नव्हतं. ना फूल, ना आपट्याचं पान. दरवर्षी अण्णा या खोलीतली पूजा स्वतः करायचे, एवढं मला ऐकून माहीत होतं.

"दोन दिवसांत ड्रॉवर कुणी उघडला होता का?"

"कोण उघडणार?" सरोजताई म्हणाल्या.

"डिस्क पडली होती? कुठे आपटली?"

"नाही पडली."

"चहापाणी सांडलं?"

"सांडलं नाही."

त्या अगदी शांतपणे उत्तरं देत होत्या. उजव्या हातातलं पेन त्या बोटांत फिरवत होत्या आणि अनामिकेच्या नखाच्या कडेला तांबडं लागलेलं होतं. अडतीस वर्षं प्रुफं तपासणाऱ्या बाईच्या बोटाला तांबडी शाई असायचीच. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं.

एक वाजून गेला. शेडग्यांनी डबा उघडला नाही. तात्या खाली जाऊन आले, पुन्हा दारात उभे राहिले. आता एकच उपाय उरला होता. डिस्कचं वरचं कवच फोडायचं, आतली मूळ डिस्क काढायची आणि दुसऱ्या कवचात बसवायची. मी ते पुष्कळदा केलं होतं. दहात एकदा डिस्क हातातच जायची, हेही तितकंच खरं होतं, आणि इथे दुसरी प्रत नव्हती. मी सरोजताईंना तसं स्पष्ट सांगितलं.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "त्यात अण्णांचं शेवटचं संपादकीय आहे," त्या म्हणाल्या. "ज्येष्ठात सांगितलं त्यांनी. त्यांना लिहवत नव्हतं, ते बोलले आणि शेडग्यांनी इथे टाईप केलं. कागदावर नाही ते कुठे." मग जरा थांबून म्हणाल्या, "उघड."

मी पातळ पातं कवचाच्या फटीत घातलं, आणि तिथेच थांबले. दिवा लागतो याचा अर्थ वीज आत जाते. डिस्क फिरते, म्हणजे पुरेशी जाते. मग फक्त मजकूर बाहेर येत नाही. दोन्ही एकाच तोंडातून जातात, पण वेगवेगळ्या रेघांवरून. मी सकाळपासून वायर तपासली होती, मॅकची भोकं तपासली होती. डिस्कच्या स्वतःच्या तोंडात मात्र एकदाही नीट वाकून पाहिलं नव्हतं. वायर बसतेय ना, मग ठीक आहे, असं धरून चालले होते. मला स्वतःची लाज वाटली.

"तात्या, तुमचं भिंग द्या जरा."

तात्यांनी खिशातून भिंग काढून दिलं. मी मोबाईलची बॅटरी लावली आणि त्या चपट्या तोंडात पाहिलं. आत बारीक सोनेरी रेघा दिसायला हव्या होत्या. अर्ध्याच दिसत होत्या. उरलेल्यांवर लाल गाळ बसला होता, वायर आत-बाहेर करून चांगला ठासलेला. सकाळपासून आम्ही दोघांनी मिळून तो आणखीच ठासला होता. शाई, असं माझ्या मनात आलं. पण शाई सुकली की पापुद्रा धरते, असा रवाळ गाळ होत नाही. मी टाचणीच्या टोकानं कणभर काढून बोटांत चुरडला. त्या लालाच्या कडेला एक पिवळा कण होता.

उलगडा झाला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. "हे बघा," मी म्हणाले, "इथे कुणीतरी..." आणि मान वर केली.

तात्या आणि शेडगे डिस्ककडे बघत होते. सरोजताई डिस्ककडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. श्रावणापासून त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि त्या घरच्या रीतीनं हळदीकुंकवाच्या करंड्याला आता त्यांचा हात लागायचा नव्हता. त्यात अण्णांचं वर्ष. त्यांच्या अनामिकेच्या नखाकडे मी पुन्हा पाहिलं. कोण उघडणार, असं त्या मघाशी म्हणाल्या होत्या. नाही उघडला, असं म्हणाल्या नव्हत्या. डिस्क पडलीही नव्हती आणि काही सांडलंही नव्हतं. मी जे जे विचारलं त्याचं त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. मी नेमका प्रश्न विचारला नव्हता, एवढंच.

"कुणीतरी काय?" तात्यांनी विचारलं.

"कुणीतरी बारीक ब्रश द्या मला," मी म्हणाले. "आत धूळ आहे."

"धूळ? बघू." त्यांनी भिंगासाठी हात पुढे केला.

मला भीती वाटली. माणूस रंगांच्या धंद्यातला, एका नजरेत त्याला कळलं असतं. आणि कळल्यावर ते काय म्हणतील याचा मला अंदाज नव्हता. अंकाला त्यांचा मुळातच विरोध होता, आणि मशिन त्यांचं होतं. मी भिंग दिलं नाही. अजून लागतंय मला, म्हटलं. शेडग्यांनी चित्रांना हात मारायचा बारीक ब्रश आणून दिला. मी पाठमोरी होऊन आधी कोरडं झाडलं, मग टाचणीला कापूस गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून एकेक रेघ पुसली. कापूस लाल व्हायचा, तो मी लॅपटॉपखाली सारायची. असे पाच बोळे झाले. सहावा पांढरा निघाला. मग स्पिरिट उडून जाऊ दिलं. ती पाच मिनिटं मला फार लांबली.

वायर लावली. निळा दिवा लागला. मी पडद्याकडे न बघता शेडग्यांकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी आक्रसला, मग सैल झाला.

"आली," ते म्हणाले. "ताई, आली."

पडद्याच्या कोपऱ्यात डिस्कचं चित्र उमटलं होतं, खाली अण्णांनी ठेवलेलं नाव: माहुली. मी कुणाला न विचारता पहिल्यांदा सगळा अंक माझ्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला. अण्णांचा नियम तिथे मोडला. कुणी हरकत घेतली नाही. सरोजताईंनी एकच पान उघडायला सांगितलं. संपादकीय होतं. त्यांनी ते पडद्यावर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मान हलवली.

पावणेतीन वाजले होते. तात्यांनी पेन ड्राईव्हवर पानं घेतली. त्यांचा चेहरा उजळला होता, हे मला अनपेक्षित होतं. अंक नको म्हणणाऱ्या माणसालाही तो हवा होता.

"एवढ्याशा धुळीनं?" ते मला म्हणाले.

"धुळीनं किंवा फडक्याच्या धाग्यांनी," मी म्हणाले. खोटं बोलताना मी जरा जास्तच बोलते. "पिवळं फडकं आहे ना, त्याचे तंतू सुटतात, तोंडात अडकतात. मी तर सांगते सगळ्यांना..."

"वृंदा," सरोजताई म्हणाल्या, "ते चुकीचं आहे."

त्या प्रूफ तपासताना बोलायच्या त्याच आवाजात बोलत होत्या.

"धूळ नव्हती ती. कुंकू होतं. नवमीला सकाळी मी लावलं." त्यांनी लॅपटॉपखालून एक लाल बोळा ओढून टेबलावर ठेवला. "तुला मी गप्प राहा म्हटलं नव्हतं. तू राहिलीस, ते तुझ्या चांगुलपणानं. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या मी. माझी तेवढी सोडून कशी देऊ?"

तात्यांनी तो बोळा उचलला. आता टेबलावरचं भिंगही उचललं. छापलेला कागद बघावा तसं त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"अण्णा कधी चुकले नाहीत," सरोजताई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज जरा हलला. "आधी छपाईच्या खिळ्यांच्या पेटीला लावायचे, मग मॅक आल्यावर त्याला, मग या डिस्कला. या वर्षी वरच्या खोलीतल्या हत्यारांना कुणीच लावलं नसतं. ते मला बघवेना. ते लावायचे तेव्हा मी फुलं गुंफत बसायची. कुठे लावतात ते कधी नीट बघितलंच नाही."

मला वाटलं, आता तात्या बोलतील ते मला ऐकायला नको. मी वायर गुंडाळायला घेतली. शेडगे खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"खालची पूजा मी आठवणीनं करून घेतली," तात्या अखेर म्हणाले. "वरची कोण करणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी बोळा परत टेबलावर ठेवला, फेकला नाही. भिंग खिशात घातलं. शेडग्यांना चला म्हणाले आणि जिन्याकडे निघाले. दोन पायऱ्या उतरून थांबले. मला फक्त त्यांचं डोकं दिसत होतं.

"अण्णा पाठीवर लावायचा, वहिनी," ते म्हणाले. "तोंडाशी नाही."

मग ते खाली गेले. थोड्या वेळानं मशिनचा आवाज सुरू झाला आणि टेबलावरचा पेला थरथरायला लागला. सरोजताई मग रडल्या. मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसून राहिले. कारण शोधून काढल्यावर मला नेहमी जे समाधान होतं ते त्या दिवशी झालं नाही, दुसरंच काहीतरी झालं.

अंक वसुबारसेला बाजारात आला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सरोजताईंचा फोन आला. सकाळी ये, म्हणाल्या, काम आहे. काय बिघडलंय विचारलं तर काही बिघडलेलं नाही म्हणाल्या, आणि मला रात्रभर चैन पडलं नाही. सकाळी सातला मी वर पोचले. खोलीच्या मधोमध पाट मांडला होता. पाटावर मॅकचा कीबोर्ड, तांबडं पेन, तात्यांचं भिंग आणि दोन हार्ड डिस्क. दोन. दोन्हींच्या तोंडांवर शेडग्यांनी कागदी चिकटपट्टी लावली होती. शेडगे झेंडूची माळ करत होते. तात्या आंघोळ करून पाटाशेजारी मांडी घालून बसले होते, हातात अण्णांचा पितळी करंडा.

सरोजताई पाटासमोर बसल्या. अनामिका पुढे केली आणि मला म्हणाल्या, "कुठे लावू, ते तू सांग."

मी पहिल्या डिस्कच्या पाठीवर बोट ठेवून जागा दाखवली. तात्यांनी करंडा उघडून त्यांच्यापुढे धरला.